सापडलेली मांजराची पिल्लं घरी सांभाळताना: कोल्हापुरातल्या नवख्यांसाठी

उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्याकडं मांजरं व्यायला लागतात ती पार पाऊस ओसरेपर्यंत. पेठांमधल्या जुन्या घरांचे माळे, राजारामपुरीतल्या दुकानांच्या पायऱ्यांखालची पोकळी, उद्यमनगरातल्या शेडमागचं भंगार, बरेच दिवस न हललेल्या गाडीचं बॉनेट, कुठूनही पिल्लं निघतात. ज्याला सापडतात त्याला तासाभरात निर्णय घ्यायचा असतो आणि भोवती सल्ला देणारे दहाजण उभे असतात. हा लेख त्या माणसासाठी आहे.

फोस्टर करणं म्हणजे काही काळापुरतं सांभाळणं. पिल्लू स्वतः खायला लागेपर्यंत, पहिली लस होईपर्यंत आणि माणसांत रुळेपर्यंत त्याला आपल्या घरी ठेवायचं, मग चांगलं घर बघून सोपवायचं. हे काम करताना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी ऊब, मग दूध. आधी डॉक्टर, मग घरातल्या मांजराशी ओळख. आधी वास, मग नजर, मग स्पर्श. माया सगळेच लावतात. पण हा क्रम उलटा झाला की पिल्लू दगावतं, नाहीतर कायमचं बुजरं राहतं.

१. उचलण्याआधी आईचा शोध घ्या

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपल्याकडं म्हणतात. जागा धोक्याची वाटली की ती एकेक पिल्लू मानगुटीला धरून दुसरीकडं नेते. म्हणून एकटं दिसलेलं पिल्लू अनाथच असेल असं नाही, त्याची पाळी यायची राहिलेली असू शकते. पिल्लं उबदार असतील, पोटं भरलेली असतील आणि गप्प झोपलेली असतील तर आई जवळपासच आहे असं समजा. ती तुम्हाला बघणार नाही इतक्या लांबून तीन-चार तास लक्ष ठेवा. तेवढा वेळ नसेल तर पिल्लांभोवती गव्हाच्या पिठाची बारीक रेघ ओढून जा. परत आल्यावर पिठात पंजे उमटलेले दिसले की आई येऊन गेली.

माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते, हे मात्र खरं नाही. गरज पडली तर पिल्लू उचलून दोन पावलं बाजूला, कोरड्या जागी ठेवायला घाबरू नका.

थांबायचं नाही अशी वेळ कोणती? पिल्लू गार लागतंय, एकसारखं ओरडतंय, अंगावर मुंग्या चढल्यात, जखम आहे, कुत्री फिरताहेत किंवा पाणी शिरतंय. पंचगंगा फुगली की नदीकाठच्या गल्ल्यांत हे शेवटचं कारण दरवर्षीचं असतं.

आई सापडली आणि जागा धोक्याची असेल तर आईसकट आणा. तिच्या दुधाची सर कुठल्याच पावडरीला येत नाही, आणि तुमचं निम्मं काम तीच करते.

कोणीतरी नक्की म्हणेल, "मटण मार्केटपाशी सोडून या, खाऊन-पिऊन जगतील." दूधपित्या पिल्लाला तिथलं काहीच खाता येत नाही. शिवाय प्राणी उपाशी राहील अशा अवस्थेत त्याला टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. हे शांतपणे सांगितलं की बहुतेक शेजारी ऐकतात.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात माहीत असायलाच हवी. ऊसतोडीच्या हंगामात फडात सापडलेली पिल्लं घरी आणू नका. उसात रानमांजर विते, वाघाटीही विते. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. तिच्या अंगावर तांबूस ठिपके आणि कपाळावर उभ्या पांढऱ्या रेघा असतात. कधी बिबट्याचे बछडेही निघतात. कौलारू घराच्या माळ्यावर लांबट तोंडाची, काळपट पिल्लं दिसली तर ती उदमांजराची असू शकतात. या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पिल्लांना हात न लावता त्या भागातली तोड थांबवा, गर्दी हटवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. अंधार पडला आणि माणसं हटली की आई बहुतेकदा येऊन पिल्लं घेऊन जाते.

२. जागा आणि सामान

वेगळी खोली नसली तरी चालतं. दार नीट बंद होणारं न्हाणीघर, जाळी लावलेली गॅलरी किंवा मोठा पिंजरा पुरतो. अट एकच, घरातल्या दुसऱ्या मांजरांचा तिथं संबंध येता कामा नये. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाला आधी सांगा. घरात गरोदर बाई असेल तर तिनं पिल्लांची शी साफ करू नये, आणि ज्यानं करायची त्यानं रोजच्या रोज करावी. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी शीमधून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस घेतो, म्हणून रोजची सफाई खरोखर उपयोगी पडते.

लागणारं सामान:

- उंच कडांचा पुठ्ठ्याचा खोका किंवा वेताची जुनी बुट्टी. आत जुन्या वाकळेचे तुकडे घाला, पण धागे सुटलेलं कापड नको, पिल्लांची नखं अडकतात.
- हॉट वॉटर बॅग. नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या जाड मोज्यात घालून. पावसात लाईट जाते तेव्हा बाटल्याच कामाला येतात.
- स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा. हा नसेल तर बाकी सगळं अंदाजपंचे होतं.
- मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर, निपलची छोटी बाटली, बिनसुईच्या १ आणि २.५ मिलीच्या सिरिंज.
- कापूस, डिजिटल थर्मामीटर, उवांची बारीक फणी.
- शू-शीसाठी बुटक्या कडांचा ट्रे आणि धुतलेली वाळू किंवा कागदाचे कपटे. ओलं झालं की गोळा होणारी तयार वाळू दोन महिन्यांखालच्या पिल्लांना नको, ती खातात आणि पोटात अडकते.
- न्यायला-आणायला झाकणाची टोपली. भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट एकावर एक बांधले तरी काम भागतं.
- वही आणि पेन.

आणि घरात असलं तरी पिल्लांच्या जवळपास नको असं सामान: फिनेल, डेटॉलसारखी जंतुनाशकं, कुत्र्यांच्या गोचिडांची पावडर किंवा थेंब, आणि माणसांची तापाची गोळी. कुत्र्यांच्या औषधात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर उठतं. पॅरासिटामॉलची तर अर्धी गोळीही मांजराला मारू शकते.

३. वय ओळखा

नाळ चिकटलेली असेल तर पिल्लू जेमतेम चार-पाच दिवसांचं. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसांत उघडतात. कान ताठ होऊन डुगडुगत चालायला लागलं की तीन आठवडे, आणि पुढचे बारीक दात त्याच सुमारास दिसतात. सुळे चौथ्या आठवड्यात. वजनाचा ढोबळ हिशेब असा: जन्मताना १०० ग्रॅमच्या आसपास, नंतर आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढ. म्हणजे चारशे ग्रॅमचं पिल्लू महिन्याभराचं धरायला हरकत नाही, पण उपासमार झालेलं पिल्लू वयापेक्षा लहान दिसतं, म्हणून दात बघाच.

४. पहिली रात्र: आधी ऊब

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. लेखातली एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. पिल्लाचं अंग गार असताना त्याचं पचन बंद पडलेलं असतं. पोटात गेलेलं दूध तसंच राहतं, किंवा गिळायची ताकद नसल्यानं फुप्फुसात जातं. भुकेनं ओरडणारं पिल्लू बघून हात दुधाकडंच जातो. तिथं स्वतःला थांबवा.

पिल्लू कोरडं करा, कापडात गुंडाळा आणि छातीशी धरून बसा. सोबत टॉवेलात गुंडाळलेली गरम पिशवी. अर्धा-एक तास लागतो, कधी जास्त. गरम पाण्यात बुडवणं, ड्रायरचा झोत, चुलीशेजारी ठेवणं, यातलं काही करू नका. ऊब हळूहळूच चढली पाहिजे. थर्मामीटर ३५ अंश सेल्सिअसच्या खाली दाखवत असेल तर पाजायचं नाही. पंजे आणि तोंडाच्या आतली बाजू कोमट लागली, पिल्लू तोंड फिरवून शोधायला लागलं, की दूध तयार करा.

पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांच्या खोक्यात ३० ते ३२ अंश ऊब हवी, दुसऱ्या आठवड्यात थोडी कमी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या घरांत भिंतीसुद्धा ओल धरतात, तेव्हा ही ऊब आपोआप मिळत नाही. खोक्याच्या निम्म्या भागातच गरम पिशवी ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लांना सरकायला जागा राहते. सगळी ढीग करून एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय. लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर गरम होतंय.

५. दूध, शू-शी, वजन

दुधाच्या बाबतीत कोल्हापूरकरांना समजावणं जड जातं. आपल्याकडं गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून म्हशीचं दूध मिळतं, आणि तेवढं चांगलं दूध पिल्लाला का चालू नये असं प्रत्येकाला वाटतं. पण मांजरीचं दूध वेगळं असतं. गाई-म्हशीच्या दुधातली साखर पिल्लाला पचत नाही, हगवण लागते, आणि शंभर-दोनशे ग्रॅमच्या जिवाला हगवण म्हणजे काही तासांत अंगातलं पाणी संपणं. म्हणून पावडरच हवी. रात्री दुकानं बंद असतील तर डॉक्टरांना फोन करून विचारा. बरेच जण एका रात्रीपुरतं शेळीचं कोमट दूध चालवून घ्यायला सांगतात, पण ते एका रात्रीपुरतंच.

पावडर पाकिटावर लिहिलंय तशीच कालवा. दूध मनगटावर कोमट लागलं पाहिजे. पिल्लू पालथं, चारी पायांवर, जसं आईला पितं तसं धरा. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीही नाही, दूध श्वासनलिकेत जातं. सिरिंज असेल तर थेंबथेंब, पिल्लाच्या चोखण्याच्या गतीनं. नाकातून दूध आलं तर थांबा, तोंड खाली करा, पुसा, आणि डॉक्टरांना दाखवा.

किती पाजायचं? दिवसभरात वजनाच्या दर १०० ग्रॅममागे साधारण २० ते २५ मिली. एका वेळेला १०० ग्रॅममागे ४-५ मिलीच्या वर नको. पहिला आठवडा दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार ते सहा तासांनी. नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाला पहिल्या दोन आठवड्यांतली पिल्लं झेपत नाहीत. तसं असेल तर चार आठवड्यांच्या पुढची पिल्लं घ्या, आणि ज्याच्या घरी कोणी ना कोणी असतं त्याला लहान पिल्लं द्या.

साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपली आपण शू-शी करता येत नाही. आई चाटून करवते. तुम्ही प्रत्येक पाजण्याच्या वेळी ओल्या कोमट कापसानं शेपटीखाली हळुवार पुसायचं. पिवळसर, मऊ शी ठीक. पाण्यासारखी झाली तर डॉक्टर.

रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. एक दिवस वजन थांबलं तर डोळ्यांत तेल घालून बघा, घटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. पिल्लू मलूल दिसायच्या आधी काट्यावर कळतं.

६. डॉक्टर, जंत, पिसवा, लस

आपल्याकडचे बरेच पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्र्यांत मुरलेले आहेत. म्हणून जाण्याआधी फोनवर थेट विचारा: "मांजराची लहान पिल्लं बघता का? रात्री काही झालं तर कुणाला फोन करू?" पहिल्या चोवीस तासांत एकदा दाखवून या आणि वही सोबत न्या.

जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून देता येतं, पण डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांनीच सांगायचा. पिसवा लहान पिल्लाचं रक्त इतकं पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात. उवांच्या फणीनं विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवा, पुन्हा विंचरा. थेंबाचं औषध वय आणि वजन बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच. डोळे चिकटले असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं आतून बाहेर पुसा. घरात पडलेले माणसांचे आय ड्रॉप घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

तिहेरी लस, जिला दवाखान्यात ट्रायकॅट म्हणतात, ती सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि १६ आठवड्यांचं वय होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस १२ आठवड्यांच्या पुढं.

ही तिहेरी लस ज्या रोगांपासून वाचवते त्यातला एक आहे पॅनल्युकोपेनिया. कुत्र्यांना पार्व्हो होतो ना, तसा हा मांजरांचा पार्व्हो म्हणा. उलट्या, हगवण, मान टाकून पाण्याच्या वाटीपुढं नुसतं बसून राहणं ही लक्षणं. बिनलशीची पिल्लं यात भराभर जातात. त्याच्या भीतीनंच नव्या पिल्लांना दोन आठवडे वेगळं ठेवायचं असतं. पिल्लांना हात लावल्यावर साबणानं हात धुवा, त्या खोलीसाठी वेगळा गाऊन आणि वेगळ्या चपला ठेवा.

पिल्लू चावलं किंवा रक्त निघेल असं ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा. "एवढंसं तर पिल्लू" म्हणून हे टाळू नका.

७. दुधावरून खाण्यावर

चौथ्या-पाचव्या आठवड्यात, दात आल्यावर, पिल्लांचं ओलं खाद्य दुधाच्या पावडरीत कालवून सपाट ताटलीत द्या. पहिले दोन दिवस ती त्यात लोळतील, चालायचंच. नंतर घट्ट करत न्या. बिनमिठाचं उकडलेलं चिकन बारीक करून थोडं देता येतं. रविवारी मटण शिजतंय तर मसाला घालायच्या आधी दोन तुकडे बाजूला काढा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातलं बोटभरसुद्धा नको, कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात.

दूध-चपातीवर मांजर वाढवायची आपली पद्धत जुनी असली तरी अपुरी आहे. मांजर पक्कं मांसाहारी. मांसातलं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य मिळालं नाही तर नजर जाते, हृदय कमजोर होतं. नुसत्या चिकनमध्येही कॅल्शियम कमी पडतं, म्हणून मुख्य खाणं पिल्लांसाठीचं तयार खाद्यच ठेवा. घर शाकाहारी असेल तर कोरडं तयार खाद्य, वेगळी वाटी आणि वेगळा चमचा, एवढ्यावर निभावतं. अशा घरांतून पिल्लं छान वाढलेली मी पाहिली आहेत.

८. माणसांची सवय

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू जग शिकतं. त्या काळात माणसाचा हात, आवाज आणि वास ओळखीचा झाला तर ते आयुष्यभर माणसाजवळ येतं. बाटलीवर वाढलेल्या पिल्लाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. खरं काम असतं पाच-सात आठवड्यांच्या पिल्लाबरोबर, जे रस्त्यावर आईकडून "माणूस दिसला की पळ" एवढंच शिकून आलंय. ते फिस्कारतं, कोपऱ्यात दबून बसतं, हात नेला की पंजा मारतं. ते रागीट नाही, भेदरलेलं आहे.

पहिले एक-दोन दिवस त्याला जागा लहान ठेवा. मोठ्या खोलीत सोडलं तर ते कपाटामागं जाऊन बसेल आणि तुमची गाठच पडणार नाही. त्याला लपायला एक खोका द्या, पण तुमचा हात पोहोचेल असा.

मग फक्त जवळ बसा. जमिनीवर, अंगानं तिरके, त्याच्याकडं एकटक न बघता. 'पुढारी' पेपर घेऊन हळू आवाजात वाचत बसा. बातमी कसलीही असो, त्याला आवाजाची लय ओळखीची होते. नजरानजर झालीच तर सावकाश डोळे मिटा आणि उघडा. मांजरांत हे "माझ्यापासून धोका नाही" असं सांगणं असतं, आणि काही दिवसांत पिल्लूही तसंच करून दाखवतं.

खाणं नुसतं वाटीत ठेवून निघून जाऊ नका. भुकेच्या वेळी, तुमच्या समोर, तुमच्याकडूनच मिळालं पाहिजे. सुरुवातीला लांब दांड्याच्या चमच्यावर ओलं खाद्य पुढं करा. पिल्लू चाटायला लागलं की रोज चमचा थोडा आखूड धरा, आणि शेवटी बोटावर. चाटत असताना दुसऱ्या हाताचं एक बोट गालाला किंवा हनुवटीखाली लावा. डोक्यावरून हात नेऊ नका, वरून येणारी गोष्ट त्याला घारीसारखी वाटते. गाल मान्य झाला की कान, मग पाठ. पोटाला आणि पंज्यांना सगळ्यांत शेवटी. मागं सरकलं तर तुम्हीही एक पायरी मागं या. दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं बसलेलं एकदाच तासभर बसण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

फारच घाबरट असेल तर छोट्या टॉवेलात गुंडाळून फक्त तोंड बाहेर ठेवून मांडीवर घ्या, चमच्यानं खाऊ द्या, आणि शांत असतानाच खाली ठेवा. धडपडत असताना सोडलं तर धडपडलं की सुटका होते हे ते शिकतं.

हाताशी खेळू देऊ नका. आज बोट चावणं गोड वाटतं, चार महिन्यांनी त्याच चाव्यामुळं लोक मांजर परत आणून देतात. काठीला चिंधी बांधून खेळवा आणि खेळ संपला की उचलून ठेवा, दोरा गिळला तर आतडी गोळा होतात. मुलं असतील तर एका वेळी एकच, खाली बसून, आणि पिल्लू आपणहून मांडीवर येईपर्यंत हात मांडीवरच.

घरचे आवाजही हळूहळू कानांवर पडू द्या. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, आधी लांबून आणि खाऊ खाताना. गणपतीत हलगी आणि डॉल्बी रस्त्यावरून जायच्या दिवशी मात्र पिल्लं घरातल्या सगळ्यांत आतल्या खोलीत ठेवा. त्या आवाजाची सवय करायची नसते.

९. पिल्लांची आपसांत आणि घरच्या मांजराशी ओळख

एकटं पिल्लू असेल तर त्याच वयाचं दुसरं मिळतंय का बघा. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लाला दुसरं पिल्लूच शिकवतं. एकटं वाढलेलं बऱ्याचदा चावरं होतं. पण दुसऱ्या ठिकाणाहून आलेलं पिल्लू थेट खोक्यात सोडायचं नाही. दोघांचे वेगळे ठेवायचे दोन आठवडे पूर्ण होऊ द्या, डॉक्टरांनी ठीक म्हणू दे. त्यानंतर लहान पिल्लं दोन-तीन दिवसांतच एकमेकांवर लोळायला लागतात.

घरच्या मोठ्या मांजराचं तसं नसतं. त्याला आठवडे लागतात, कधी महिनाही. त्याची लस झालेली नसेल तर आधी ती करून घ्या आणि मगच पिल्लं आणा. पुढं हा क्रम:

आधी वास. पिल्लांच्या अंगाखालचं कापड मोठ्या मांजराच्या खाण्याच्या वाटीपासून थोडं लांब ठेवा, त्याचं कापड पिल्लांकडं. कापड बघून फिस्कारणं थांबलं की वाटी रोज थोडी जवळ. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण.

मग नजर. दाराच्या चौकटीला मच्छरजाळीची फ्रेम किंवा दोन क्रेट उभे करून बांधा. पलीकडचं दिसलं पाहिजे, पंजा पोहोचता कामा नये. खाताना दोन-तीन मिनिटं दिसू द्या आणि दार बंद करा. वेळ वाढवत न्या.

मग एकाच खोलीत, तुम्ही हजर असताना, दोघांनाही खेळवून दमवल्यावर. थोडं फिस्कारणं, एखादी चापट चालेल. मोठं मांजर पिल्लाला रीत शिकवत असतं. कान चपटे करून एकटक बघत दबा धरला, शेपटी फुगली, गळ्यातून गुरगुर निघाली, की मध्ये पुठ्ठा सरकवा आणि त्याला शांतपणे बाहेर न्या. ओरडू नका, मारू नका, नाहीतर त्याच्या डोक्यात पिल्लू आणि मार यांची जोडी पक्की बसते. नजरेच्या पायरीवर परत जा.

या सगळ्या दिवसांत घरच्या मांजराचा मान पहिला. खाणं त्याला आधी, मांडी त्याला आधी, त्याची झोपायची जागा त्याचीच. शू-शीचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि सगळे एका कोपऱ्यात नकोत.

१०. घर शोधणं आणि कागद

आठ ते दहा आठवड्यांचं, किलोच्या आसपास वजनाचं, एक तरी लस झालेलं, स्वतः खाणारं आणि ट्रे वापरणारं पिल्लू द्यायला तयार असतं. जमेल तिथं जोडीनंच द्या. एकमेकांना चिकटून झोपणारी दोन भावंडं एकत्र गेली तर नव्या घरातली पहिली रात्र खूप सोपी जाते.

मार्केट यार्डातून, गुळाच्या गोदामांतून "उंदरांसाठी मांजर पाहिजे" असे फोन येतात. दोन महिन्यांचं पिल्लू तिथं देऊ नका. घुशी त्याच्यापेक्षा मोठ्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी उंदरांचं विषही टाकलेलं असतं. रस्त्यावर वाढलेलं, ऑपरेशन झालेलं मोठं मांजर तिथं रमू शकतं, पण विष बंद आणि रोजचं खाणं ठरलेलं असेल तरच.

घेणाऱ्याला विचारा: घरातले सगळे तयार आहेत का, गॅलरीला जाळी आहे का, गावाला गेल्यावर कोण बघणार, आधीचं मांजर असेल तर त्याचं काय झालं. शक्यतो पिल्लू तुम्ही स्वतः त्यांच्या घरी पोहोचवा. वरच्या मजल्यावर बिनजाळीची गॅलरी दिसली तर जाळी लागेपर्यंत पिल्लू परत आणा.

सोबत द्यायचे आणि घ्यायचे कागद:

- लस आणि जंताच्या औषधाच्या तारखांचं कार्ड, पुढची तारीख ठळक लिहून.
- वजनाच्या वहीची प्रत आणि सध्याचं खाणं काय, किती, केव्हा याची चिठ्ठी.
- घेणाऱ्याच्या ओळखपत्राची आणि पत्त्याची प्रत.
- दोघांच्या सहीचा साधा करार: पिल्लू विकणार नाही, सोडून देणार नाही, जमलं नाही तर तुमच्याकडंच परत आणेल, आणि ठरलेल्या महिन्यात नसबंदी करेल.
- पिल्लाचा सध्याचा फोटो.

नसबंदीची तारीख करारात महिन्यासकट लिहा. मादी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, गाभण राहिल्यावर नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान डॉक्टर सांगतील तेव्हा ऑपरेशन. तो महिना आला की फोन करा, आणि ऑपरेशन झाल्याचा फोटो मागवा. यात भीड धरू नका.

पिल्लासोबत त्याच्या झोपण्याचं न धुतलेलं कापड द्या आणि नव्या माणसांना आठवा मुद्दा वाचून दाखवा. लहान खोली, जमिनीवर बसणं, चमचा, गाल, मग पाठ. तिथंही सगळं पहिल्यापासूनच.

११. पुढची पिल्लं आणण्याआधी

वाकळेचे तुकडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, पुठ्ठ्याचा खोका जाळून किंवा फेकून टाका. फरशी, ट्रे, क्रेट आधी साबणानं धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या, स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडं करा. पार्व्होच्या विषाणूवर फिनेल आणि स्पिरिट भरवशाचं नाही, ब्लीच चालतं.

आधीच्या पिल्लांपैकी एखादं पॅनल्युकोपेनियानं गेलं असेल तर एवढ्यावर भागत नाही. तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, गाद्या आणि सोफ्यातून तर पूर्ण जातच नाही. अशा घरात वर्षभर बिनलशीची पिल्लं आणू नका. त्या काळात लस पूर्ण झालेली मोठी मांजरं सांभाळा, किंवा दुसऱ्या फोस्टरच्या पिल्लांना दवाखान्यात नेऊन आणायचं काम अंगावर घ्या. गाडी असलेला आणि सकाळी मोकळा असलेला माणूस आपल्याकडं नेहमीच हवा असतो.